तारेविना विमान

२ जानेवारी

वही नवी, पण रेघा पुसट. दुकानदाराला परत नेऊन दाखवली तर म्हणतो, "साहेब, सगळ्या एकाच गठ्ठ्यातल्या आहेत." म्हणजे सगळ्याच पुसट. छापखानेवाल्यांनी शाईत काटकसर चालवली आहे. वर्तमानपत्राची तीच रड. उभे दांडे काळेभोर आणि डोक्यावरची शिरोरेघ जेमतेम. शब्द नुसते बोडके फिरतात. संपादकांना एक पत्र टाकणार आहे.

दैनंदिनी का सुरू केली ते आधी लिहून ठेवतो. सतरा मार्चला आमच्या तिकीट मंडळाचं वार्षिक प्रदर्शन आहे. माझं हे बारावं वर्ष. विषय तोच, ऐतिहासिक विमानांची टपाल तिकिटं. अकरा वर्षांत नऊ वेळा दुसरा आलो, दोनदा तिसरा. पहिला येतो पाखरू. पाखरू म्हणजे आमचा बेकरीवाला, वजन एकशे बारा किलो. पक्ष्यांची तिकिटं जमवतो म्हणून पाखरू. यंदा मी काय केलं, कसं केलं, याची तारीखवार नोंद हवी. पहिला आलो तर कुणी ते नशिबावर ढकलायला नको.

६ जानेवारी

रविवार, दुकान बंद. दिवसभर खिडकीपाशी.

सोळा पानं मांडायची असतात. त्यातलं पहिलं पान पहिलं विमान उडवणाऱ्या त्या दोघा सायकलवाल्या भावांचं. त्यांच्या विमानाचा उजवा पंख डाव्यापेक्षा चार इंच लांब होता, कारण इंजिन उजवीकडे आणि ते माणसापेक्षा जड. माझ्याकडे या विमानाची बावीस देशांची तिकिटं आहेत. बहुतेक चित्रकारांनी दोन्ही पंख सारखे काढून ठेवलेत. मी पट्टी लावून एकेक मोजला आहे. त्या भावांनी शाळासुद्धा धड पुरी केली नव्हती. माझी नववीत सुटली. हे आपलं सहज लिहिलं.

माझा एक नियम आहे. तिकीट उघड्या डोळ्यांनी, हातभर अंतरावरून, खिडकीच्या उजेडात बघायचं. भिंगवाले लोक चित्र बघत नाहीत, चोर शोधतात. मंडळात बिनभिंगाचा मी एकटाच.

ही म्हणाली, "तुमचा हात लांब आहे म्हणून बरं."

कशावरून म्हणाली, कळलं नाही. शिवणकाम करते, तिला मापं सुचतात.

१४ जानेवारी

दुकानात पुढे डॉक्टर बसते, मागच्या खोलीत मी. ती डोळे तपासते. मी काचा घासतो, कापतो, फ्रेमीत बसवतो. पदवी तिची, हात माझे. जुने मालक होते तेव्हापासून सव्वीस वर्षं. शिकवलं कुणी नाही, बघून शिकलो. नव्या डॉक्टरला हे माहीत आहे, त्यामुळे मान ठेवून वागते. हल्ली तर माझे तयार चष्मे गिऱ्हाइकाला देण्याआधी ट्रे उचलून स्वतः आत नेते आणि पुसून आणते. एवढी शिकलेली मुलगी, पण काच पुसण्यात कमीपणा मानत नाही.

आज म्हणाली, "काका, एकदा बसा ना खुर्चीवर. पाच मिनिटं."

मी तिला दारात नेलं. रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी, तिच्या खालची बारीक ओळ, तिच्याही खालचा परवाना क्रमांक, सगळं वाचून दाखवलं.

"लांबचं विचारत नाहीये मी," ती म्हणाली.

"ज्याला लांबचं दिसतं त्याला जवळचं दिसतंच," मी म्हणालो. तिने मान हलवून पुढचं गिऱ्हाईक बोलावलं. पटलं असावं.

२० जानेवारी

आधी हे लिहितो, मग जेवण.

आज मंडळाची बैठक होती. अदलाबदलीच्या खोक्यातून पहिल्या टपाली उड्डाणाचं निळं तिकीट घेतलं. एकेकाळी माझ्याकडे होतं, पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तिकिटासाठी देऊन टाकलं होतं. दुपंखी विमान, खाली टपालाच्या दोन थैल्या, बाजूला वैमानिक टोपी सावरत उभा. वैमानिकाच्या बैठकीपासून शेपटीपर्यंत एक आडवी तार जाते. शेपटीची पट्टी वर-खाली करायची ती तार. ती नसेल तर विमान चढलं तरी शहाण्यासारखं खाली येणार नाही.

घरी येऊन खिडकीत धरलं. तार नाही.

तीनदा बघितलं. जगभरच्या तिकिटांच्या छापील सूचीत याच तिकिटाचं चांगलं तळहाताएवढं चित्र छापलं आहे, त्यात तार ठळक. जुन्या तिकिटावर होती हेही मला लख्ख आठवतं. या तिकिटावर नाही. म्हणजे छपाईच्या वेळी ठशावरची ती रेघ भरली नाही आणि असा निदान एक ताव बाहेर पडला. सूचीत या चुकीची नोंद नाही. कुठेच नाही.

मीच पहिला.

२१ जानेवारी

हिला दाखवायला नको होतं. पण राहवलं नाही.

तिने टाचण्या तोंडातून काढल्या, चष्मा सारखा केला, तिकीट बघितलं. "तार म्हणजे ही ना? या शेपटीपर्यंत गेलेली?"

"तिथे तार नाहीये. तार असायला हवी हे तुला मी सांगितलं, म्हणून तुला दिसते."

"अहो, मला दिसतेय."

"चष्म्याच्या कडेची सावली असेल."

"चष्मा तुम्हीच केलाय," ती म्हणाली आणि पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या. त्यामुळे चर्चा पुढे गेली नाही.

२९ जानेवारी

नियम मोडला. प्रकरण जगासमोर न्यायचं तर शंका राहायला नको, म्हणून दुकानातलं मोठं भिंग एकदा लावून पाहिलं. तारेच्या जागी एक पुसट सावली दिसते. मागे-पुढे केल्यावर जरा जास्तच दिसली, तेव्हा भिंग ठेवून दिलं. पूर्ण विचाराअंती माझं मत असं, की ही ठशावरची तार झिजल्याची खूण आहे. म्हणजे माझं म्हणणं अधिकच पक्कं झालं.

सचिवांना सांगितलं. पाखरू तिथेच उभा होता.

"दाखव," तो म्हणाला.

"प्रदर्शनात बघ."

"अरे वैमानिका, आता बघतो आणि प्रदर्शनात नवल करतो."

"तुझ्या हाताला कायम लोणी असतं."

हसला. खांद्यावर थाप मारली. शर्टावर डाग पडला आहे.

४ फेब्रुवारी

या पानापासून रेघा एकदम ठळक झाल्या आहेत. पुढची पानं उलटून पाहिली, सगळी तशीच. छापखान्यात मधेच कुणीतरी शाईची बाटली बदलली असणार. दुकानदाराला सांगायला हवं, की तक्रार निम्मी मागे घेतली.

टेबलावरचा दिवाही बरा लागतो आहे. हिने बदलला म्हणे, जुना गेला होता. मला तर काही जाणवलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चष्मा परत आला. एक शिक्षिका. डॉक्टर रजेवर होती त्या दिवशी मीच दिलेला. म्हणाल्या, "याच्यातून आमचा जिना तिरका दिसतो."

"जिना बघितला पाहिजे," मी म्हणालो.

डॉक्टरने काच यंत्रावर लावली. ॲक्सिस दहा अंशांनी सरकला होता. काही डोळ्यांना आडव्या आणि उभ्या रेघा सारख्या स्पष्ट दिसत नाहीत, त्यांच्या काचेत सिलिंडर घालतात. तो काचेत कोणत्या कोनावर बसवायचा, तो ॲक्सिस. दहा अंश म्हणजे फार झाले. फ्रेम वाकली असणार. मी तसं म्हणालो. डॉक्टर म्हणाली, "असेल काका," आणि दुसरी काच काढून दिली. ती मी घासली आणि खुणेच्या रेघा तिने स्वतः मारल्या. वेळ वाचावा म्हणून, असं म्हणाली.

आज जेवण गेलं नाही. फ्रेम वाकडी असली तरी चष्मा माझाच.

२२ फेब्रुवारी

मंडळाचं पत्रक आलं. पहिल्याच पानावर, चौकटीत: "तारेविना विमान. आमच्या सभासदाचा शोध." पाहुणे परीक्षक मुद्दाम ते तिकीट बघायला येणार. खरं ठरलं तर सूचीच्या पुढच्या आवृत्तीत नोंद होईल, कंसात शोधणाऱ्याच्या नावासह.

पत्रकाच्या पाच प्रती घेतल्या. एक दुकानात काचेखाली ठेवली. हिने एक मागून घेतली आणि घडी करून शिवणाच्या डब्यात ठेवली. आनंद पोटात ठेवणारी बाई आहे.

१० मार्च

सगळं क्रमाने लिहितो.

सोळावं पान काल पुरं झालं. मधोमध पारदर्शक पाकीट चिकटवून त्यात एकच तिकीट, खाली माझ्या हातचं शीर्षक. डिंक वाळावा म्हणून पान टेबलावर सपाट ठेवलं होतं. दुपारी जेवायला बसलो तेव्हा टेबलाच्या कडेला इस्त्री होती आणि पान माझ्यासमोर भिंतीशी टेकवून ठेवलेलं, आडवं. विमानाचं नाक छताकडे.

"ते पान कुणी हलवलं?"

"मी. कोटाला इस्त्री करायची होती, टेबल लागत होतं."

घास तोंडाशी थांबला. विमानाच्या बैठकीपासून शेपटीपर्यंत, छताकडून जमिनीकडे, एक रेघ उतरली होती. केसाएवढी. काळी, सलग, कुठे न तुटलेली.

"हे दुसरं तिकीट कुठून आणलंस?"

"दुसरं कुठून आणू? तुमचंच आहे."

उठलो. हात न धुता पान उचललं. सुलट केलं, तार गेली. आडवं केलं, आली. पुन्हा सुलट, गेली. पाच वेळा केलं. पाचव्यांदा करताना मला कळून चुकलं होतं, तरी केलं.

सव्वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो आहे. भिंतीवर पंख्यासारख्या रेघांचा तक्ता आहे. "उभ्या रेघा काळ्या दिसतात आणि आडव्या पुसट? मग दोष तक्त्यात नाही, ताई. डोळ्यात सिलिंडर आहे." घरी जेवताना या गमती मी हिला कितीदा सांगितल्या आहेत. एक गृहस्थ तर तक्ता बदलून द्या म्हणून भांडले होते. आम्ही दोघंही खूप हसलो होतो.

मी वहीचा दुकानदार बदलायला निघालो होतो.

हिने ताट झाकून ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "गार होण्याआधी जेवून घ्या. तिकीट काही उडून जात नाही."

टेबल पुसताना मी इस्त्री उचलून जागेवर ठेवली. ती गारच होती. कोट सकाळीच करून झाला असावा.

११ मार्च

अगदी खरं लिहितो, इथे कोण वाचतं आहे? आज दुकानात जाता-येता एकच विचार होता. तिकीट हरवलं म्हणून सांगावं. खिडकीतून वाऱ्याने गेलं. कोण तपासणार होतं? शोध तसाच राहिला असता, दंतकथेसारखा, आणि मीही.

वाक्यसुद्धा पाठ केलं. हिच्यापुढे म्हणून बघितलं.

"वाऱ्याने?" ती म्हणाली. "चिकटवलेलं तिकीट? तुम्ही चिकटवलेलं?"

तेही खरंच. मी चिकटवलेलं काही वाऱ्याने जात नाही.

१२ मार्च

दुकान उघडताच स्वतःहून खुर्चीवर बसलो. "घ्या," म्हणालो.

डॉक्टरने खोक्यातून काढलेली पहिलीच काच बरोबर लागली. नशीब म्हणायचं. सिलिंडर पावणेदोन, ॲक्सिस नव्वद, शिवाय जवळचा नंबर. वयाने येतो असा; लांबचं चालवून नेतो आणि जवळच्या आडव्या रेघा खातो. मला हे तोंडपाठ आहे. दुसऱ्यांच्या बाबतीत.

"काच कोण घासणार?" तिने विचारलं.

"मी."

"आणि खुणा?"

"खुणा तुम्ही मारा," म्हणालो. ती हसली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

संध्याकाळी त्या शिक्षिकेच्या घरी जाऊन आलो. जिना सरळ आहे. सतरा पायऱ्या. माफी मागितली, चहा मिळाला.

१४ मार्च

पाखरूच्या बेकरीत गेलो. भट्टी नुकतीच उघडली होती. सगळं सांगितलं, इस्त्रीपासून सिलिंडरपर्यंत.

पाखरूने पाव काढायची लांब फळी भिंतीला टेकवली आणि पोट धरून हसला. मी थांबलो. पुरतं हसून झाल्यावर डोळे पुसले आणि म्हणाला, "मग? पान काढून टाकणार?"

"पंधरा पानं मांडीन."

"आणि लोक विचारतील, सोळावं कुठाय. वर्षभर विचारतील. मी तर पाच वर्षं विचारीन. अरे, पडलेल्याला लोक एकदाच हसतात. लपलेल्याला रोज शोधतात."

पिठाने माखलेल्या माणसाने शहाणपण सांगावं हे मला आवडत नाही. पण घरी येईपर्यंत वाक्य डोक्यातून गेलं नाही.

हिच्याकडे बटणांचा गोल डबा आहे. झाकण मागितलं. मधोमध भोक पाडून ते खिळ्यावर बसवलं, वर काळा कागद, त्यावर पारदर्शक पाकिटात ते निळं तिकीट. बोटाने ढकललं की गोल फिरतं. किरकिर करत होतं, तर हिने शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला.

१५ मार्च

खालचा मजकूर नऊ वेळा लिहिला. शेवटचा असा:

"या तिकिटावर विमानाच्या बैठकीपासून शेपटीपर्यंत एक आडवी तार आहे. मंडळाच्या पत्रकात ती नाही असं छापलं आहे. ते चूक आहे आणि चूक माझी आहे. तिकीट हातभर अंतरावरून पाहा. तार दिसली नाही तर झाकण पाव फेरा फिरवा. मग दिसली, तर तिकिटाला दोष देऊ नका."

हिने वाचलं. "शेवटची ओळ छान आहे," म्हणाली. बावीस वर्षांत माझ्या लिखाणाची ही पहिली तारीफ.

१७ मार्च

पाय दुखताहेत, पण आकडे आजच लिहायला हवेत.

माझ्या चौकटीसमोर रांग लागली. प्रदर्शनात रांग फक्त चहापाशी लागते, असा आजवरचा अनुभव. एकशे अठरा जणांनी झाकण फिरवलं. नऊ जणांना फिरवल्यावर तार दिसली. चौदा जणांना कशीही दिसली नाही. पाहुण्या परीक्षकांनी गंभीरपणे भिंग काढलं, मजकूर वाचला, भिंग परत खिशात ठेवलं आणि बोटाने झाकण फिरवलं. दोनदा. मग इकडे-तिकडे बघून तिसऱ्यांदा. त्यांची गणना मी त्या नवांत धरली आहे.

पाखरू रेडिओचं बटण फिरवावं तसं झाकण फिरवत बसला. "कुठाय तार? अरे, विमान तरी कुठाय? मला नुसता निळा ठिपका दिसतोय!"

"तू त्या चौदांतला," मी म्हणालो.

"मग मी इतकी वर्षं ही पाखरं लावतो कशी?"

यावर त्याची बायको मागून म्हणाली, "मी लावते." सगळं दालन हसलं. पाखरू सगळ्यांत मोठ्याने.

निकाल: पाखरू पहिला. मी तिसरा, शोध बाद ठरला म्हणून गुण कापले. नियमाप्रमाणे बरोबर आहे, मीही कापले असते. परत येताना हिने प्रमाणपत्र धरलं होतं आणि मी बटणांच्या डब्याचं झाकण. बारा वर्षांत इतक्या हलक्या पायांनी घरी आलो नव्हतो.

१८ मार्च

दुकान उघडायच्या आधी दारात सहाजण उभे. पाखरू सर्वांत पुढे, डॉक्टरसाठी केक घेऊन.

२३ मार्च

चष्मा झाला. काचा मी घासल्या, खुणा तिने मारल्या, फ्रेमीत मी बसवला. डॉक्टरने ट्रे उचलून आत नेला, पुसून आणला.

घालून आधी वर्तमानपत्र बघितलं. शिरोरेघा जागच्या जागी, एकूण एक शब्दाच्या डोक्यावर. संपादकांना टाकलेलं पत्र सुदैवाने छापलेलं नाही. मग तिकीट बघितलं. तार आहे. सुलट, आडवं, कसंही. आता ते विमान खाली उतरू शकेल.

मग ही वही काढली. पहिल्या पानापासून रेघा आहेत. चांगल्या निळ्या, स्वच्छ. माझीच अक्षरं त्यांना ओलांडून वर चढली आहेत, कुठे खाली घसरली आहेत. आणि चार फेब्रुवारीच्या पानापासून प्रत्येक निळ्या रेघेशेजारी दुसरी एक रेघ आहे. पेन्सिलीची, जाड, शिंप्याच्या पट्टीने ओढलेली. एका पानावर बावीस. पुढे पान उलटत गेलो. मार्च, एप्रिल, जुलै. एकतीस डिसेंबरपर्यंत, एकही पान न सोडता.

तिच्याकडे बघितलं. ती बाहीला टाके घालत होती.

"तू ही वही उघडलीस?"

"रेघा मारायला अक्षरं वाचावी लागत नाहीत," ती म्हणाली. मान वर केली नाही.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. टाचण्या काढून सांगितलं."

पट्टी लावून मोजलं. तिच्या रेघा छापील रेघांपेक्षा पाऊण मिलिमीटर खाली आहेत, सगळ्या सारख्याच. आता निळ्या स्पष्ट दिसतात. लिहितो आहे मात्र पेन्सिलीवर.